उभ्या रेघेचं नाव

दादा गेल्यावर त्याची खुर्ची धाकटीला मिळाली. खुर्चीबरोबर खिडकीजवळचं टेबलही आलं आणि टेबलावरचा त्याचा कॉम्प्युटरही. उतार मोजण्याच्या त्या कचेरीत ही भावंडं सहा वर्षं एकाच खोलीत बसत होती. घरात तिला धाकटी म्हणत. दादाच्या तोंडून ते नाव कचेरीत आलं आणि साहेबांपासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांची ती धाकटीच झाली.

काम सांगायला सोपं होतं. टेकडीच्या उतारावर बारा खुंट्या ठोकलेल्या होत्या. प्रत्येक खुंटी किती खाली सरकली त्याचे आकडे यंत्र रोज पाठवी. ते आकडे कोड लिहून ग्राफवर चढवायचे आणि वर्षाकाठी एक अहवाल काढायचा. उताराच्या पायथ्याशी घरांच्या दोन ओळी होत्या. तिथले लोक अहवाल आला की त्यातला ग्राफ तेवढा बघत, रेघ फार वर नाही ना एवढं पाहत आणि आपापल्या कामाला लागत.

दादाच्या खुर्चीत बसल्यावर पहिल्याच दिवशी तिने नवी कोरी फाइल उघडली. ग्राफ काढायचा कोड पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिला. ग्राफ पडद्यावर आला आणि तिने खुर्ची मागे सारली.

ग्राफच्या डाव्या कडेच्या उभ्या रेघेचं नाव, म्हणजे आकडे कशाचे ते सांगणारी अक्षरं, सरळ लिहिलेलं होतं. एरवी ते नाव रेघेला टेकून खालून वर चढत जातं आणि वाचणारा मान तिरकी करून वाचतो. दादाला ते बिलकूल खपत नसे. "आकडे आपण काढायचे आणि मान त्यांची मोडायची, हा कुठला न्याय?" असं म्हणून तो नाव सरळ करी. अक्षर सोळा मापाचं, रेघेपासून जरा दूर, आणि रंग पूर्ण काळा नव्हे, काजळी धरलेल्या भांड्यासारखा. नाव तेवढं तिने दिलं होतं, यातलं बाकी काहीही लिहिलं नव्हतं, तरी सगळं तसंच समोर होतं.

"दादा, पुरे की आता," ती मोठ्याने बोलून गेली.

शिपाईमामांनी दारातून डोकं आत घातलं. "कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही, मामा."

"मग हरकत नाही. उत्तर आलं तर तेवढं हाक मारा."

दुपारपर्यंत उलगडा झाला. दादाने त्या कॉम्प्युटरवर आपल्या आवडीनिवडींची एक छोटी फाइल करून ठेवली होती. तिथे कोणीही ग्राफ काढला तरी कॉम्प्युटर आधी ती फाइल वाची आणि अक्षरांना दादाचं वळण देई. त्यात भुताटकी काही नव्हती, एक बटण दाबलं की फाइल गेली असती. पण तिचा हात होईना. चार महिने ती ग्राफ काढत राहिली आणि प्रत्येक ग्राफवर भाऊ येऊन उभा राहत राहिला. कधी बरं वाटे, कधी पाठीमागे कोणी वाचत उभं असल्यासारखं होऊन ती वळून बघे.

मग एक दिवस सकाळी साहेब आले. "दुपारी तीनला खालच्या घरांतले लोक येणार आहेत. गेल्या वर्षीचा ग्राफ आणि या चार महिन्यांचे, सगळे मोठ्या पडद्यावर लाव. आणि हे बघ, पांढरा पडदा डोळ्यांत खुपतो. मागे काळा रंग घाल. भारदस्त दिसतं."

तिने दादाच्या शेवटच्या अहवालाचा कोड उघडला. त्या ग्राफच्या उभ्या रेघेला नावच नव्हतं, नुसते आकडे होते. छापून आला तेव्हा तिने विचारलंही होतं, "दादा, नाव विसरलास?" त्यावर "साहेबांना गर्दी नकोय" एवढं पुटपुटून तो हात धुवायला गेला होता. तिनेही पुढे खोदून विचारलं नाही. आधीची सगळी वर्षं मिलिमीटरची, तेव्हा हेही मिलिमीटरच. त्याआधीच्या वर्षी रेघ चारपर्यंत पोचली होती, त्या वर्षी पाचपर्यंत. एकाने वाढली, बस.

तिने मागचा रंग काळा केला आणि कोड चालवला.

नाव आलं. सरळ, सोळा मापाचं, रेघेपासून जरा दूर आणि पांढरंशुभ्र: सरकण, सेंटिमीटर.

तिने डोळे चोळले. कोडमध्ये खाली गेली. नाव दादाने खोडलंच नव्हतं. त्या एका ओळीत त्याने फक्त रंग बदलला होता, पांढरा केला होता. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. साहेब म्हणाले काढ, म्हणून दिसेनासं केलं आणि काढवेना, म्हणून तिथंच ठेवलं.

यंत्राचे मूळ आकडे तिने कधी उघडले नव्हते. दादाचा कोड गेल्या वर्षापासून ते वाचून दहाने भागून, मिलिमीटरचे सेंटिमीटर करून, पुढे देई आणि त्याचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं समजून ती भागलेलेच आकडे घेत आली होती. आता मूळ फाइल उघडली. नवव्या खुंटीसमोर गेल्या वर्षी बावन्न मिलिमीटर. परवा ऐंशी.

तिने आपले ग्राफ एकेक करून उघडले. गेल्या चार महिन्यांच्या प्रत्येक ग्राफवर, आठवर पोचलेल्या रेघेच्या बाजूला, तिने स्वतःच्या हाताने, चांगल्या ठळक अक्षरांत 'मिलिमीटर' लिहिलं होतं. आणि दादाची ती फाइल तिचं हे खोटं नीट सरळ करून, वाचणाऱ्याची मान सांभाळून, छापत राहिली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती वहिनीकडे गेली. दादाच्या फोटोशेजारी फळीवर तोच अहवाल उभा करून ठेवलेला होता. वहिनी वाचून नव्हे, त्याच्या हातचं शेवटचं म्हणून रोज पुसून ठेवी.

धाकटीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वहिनीच्या हातात घडी करायची चादर होती, ती तशीच राहिली.

"म्हणून," वहिनी म्हणाली.

"म्हणून काय?"

"टेकडीखालचं घर आम्ही त्या अहवालानंतर महिनाभरात सोडलं. मी दहादा विचारलं, अहो, चांगलं घर का सोडायचं? तर म्हणाले, तिकडे ऊन छान येतं." तिने खोलीभर नजर फिरवली. "इथे ऊन कुठे येतं गं?"

धाकटीने खिडकीकडे पाहिलं.

"मला उचलून आणलं त्यांनी," वहिनी म्हणाली. "शेजारीण तिथेच राहिली. निघताना तिने आमचं सामान उचलायला हात लावला होता. तिला ते काही बोलले नाहीत. मुकाट्याने कपाट उचलायला लावलं."

"वहिनी, आज दाखवलं तर दादाचं नाव मातीत जाईल. माझंही जाईल, पण माझं राहू दे."

"तुझं का राहू दे? तू काय केलंस?"

"मी बघितलं नाही."

वहिनी फळीकडे वळली. मग म्हणाली, "त्यांनी ते पुसून टाकलं होतं का? अगदी पुसून?"

"नाही. असतं तर मला सापडलंच नसतं."

"पुसून टाकलं असतं ना, तर मीच तुला म्हणाले असते की गप्प बस, मेलेल्या माणसाची अब्रू राख. पण ठेवलंय ना त्यांनी? शेवटचे चार महिने झोपायचे नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी पित्ताच्या गोळ्या देत बसले." तिने चादर खुर्चीवर टाकली. "जा. जेवून जा म्हणणार होते, पण जा."

तीनला खोली भरली. तीसेक माणसं, खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण भिंतीला टेकून उभे. साहेबांनी दोन शब्द बोलून पडद्याकडे हात केला आणि हात तसाच राहिला.

"हे कुठून आलं?" त्यांनी खाली वाकून विचारलं, आवाज दाबून.

"इथंच होतं."

"काढ ते."

"एकदा काढून झालंय, साहेब."

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने चष्मा वर सरकवला. "बाई, हे सेंटिमीटर म्हणजे किती गं? आम्हाला बोटांत सांग."

धाकटीने हाताची चार बोटं जुळवून वर धरली. "एवढं, आजी. नवव्या खुंटीजवळची जमीन एवढी खाली आलीय. गेल्या वर्षी तीन बोटं भरत होती. माझ्या भावाने ते लपवलं. पुढचे चार महिने मी न बघता चुकीचं लिहिलं. हे दोन्ही आमच्या घरचं आहे, ते मी नंतर निस्तरेन. आज तुम्ही त्या घरांत झोपू नका."

"जरा थांबा, घाबरण्यासारखं…" साहेब पुढे आले.

"साहेब, आमचं मागचं दार दोन महिने लागत नाही," भिंतीजवळचा एक माणूस म्हणाला. "सुतार म्हणाला, लाकूड फुगलंय."

"आमचंही."

"आमची तर खिडकी. मला वाटलं, माझ्याच घरी."

सगळी माणसं एकमेकांकडे वळली. प्रत्येकाने आपापल्या घरातलं बिघडलेलं दार आजवर स्वतःपाशीच ठेवलं होतं. साहेब दिव्याचं बटण चाचपत होते, ते त्यांना सापडत नव्हतं. पडद्यावरची पांढरी अक्षरं पहिल्या रांगेच्या चेहऱ्यांवर मंद उजेड पाडत होती.

मागे एका बाईने फोन कानाला लावला होता.

"हॅलो, ऐका. आईंना आणि पोरांना घेऊन बाहेर या. आत्ता… नाही, चुलीवरचं राहू दे. कपडे नकोत. काही नको म्हटलं ना! अहो, लागत नाही तर उघडंच टाका ते दार, पण निघा!"