सेरवाचा न दुखणारा हात

"काटा आणा!" पास्टर ग्याम्फी गरजला आणि बाजाराचं अख्खं पटांगण श्वास रोखून उभं राहिलं.

नऊ वर्षांच्या सेरवाच्या उजव्या कोपरावर तळहाताएवढी जखम होती, कडा आतून पोखरलेल्या. पास्टरने जखमेवर मंतरलेलं पाम तेल ओतलं, लिंबाच्या झाडाचा काटा उचलला आणि थेट जखमेत टोचला. पोरगी हूं नाही की चूं नाही!

"दुखलं का गं?"

"नाही."

"बघा! वेदनेचं भूत पळालं! गोळी नुसती पोटात जाते, माझं तेल थेट आत्म्यात जातं!"

"आमेन!" गाव ओरडलं. आत्म्यालाही वंगण लागतं, हे ज्ञान तिथल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांनाही नवंच होतं.

सगळ्यांत मोठ्यांदा ओरडली ती पोकुआ, सेरवाची आई. दवाखान्याने आठ आठवड्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या आणि तेल एका अंगात नांदत नाहीत, असं पास्टरने सांगितलं आणि तिने नवव्या दिवशी गोळ्या बंद केल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. जखम पसरत होती, कोपर आखडत चाललं होतं. पोरीला साधी बादली उचलता येईना, तेव्हा पोकुआच्या काळजात चर्र व्हायचं. पण दुखत नव्हतं ना! गावाचा नियम साधा होता: दुखलं तर दवाखाना, न दुखता सडलं तर करणी.

पोकुआला शोधत आलेली दवाखान्यातली नर्स बोआतेमा गर्दीतून पुढे घुसली. "पोकुआ, खरं सांग. तेल लावायच्या आधी ही जखम दुखत होती का?"

पोकुआने लेकीच्या कोपराकडे पाहिलं. "नाही... आधी नुसती गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तर तीन महिने लक्ष दिलं नाही."

"मग तेलाने काय पळवलं?"

"परमेश्वराची परीक्षा घेऊ नये!" पास्टर कडाडला.

"परमेश्वराची नाही हो, बाटलीची घेतेय. बोट तेलात बुडवा नि पुढे करा. सुई स्वच्छ आहे."

"करा की, पास्टर!" गर्दीतली एक मासळीवाली ओरडली. माघार घेणं अवघड झालं. बोट तेलात बुडालं, सुई टेकली आणि आत्म्यात तेल ओतणारा तो महापुरुष "आई गं!" म्हणून हातभर उडाला. पटांगण खो-खो हसलं.

बोआतेमा हसली नाही. "आपल्या कातडीवर, पोटात असंख्य जंतू गुमान राहतात. हिच्या जखमेतला जंतू त्यांतला नाही. हा असं विष सोडतो की मांस मरतं आणि दुखल्याची खबर देणाऱ्या नसाही बधिर होतात. चोराने आधी कुत्र्याला गप्प करावं तसं. न दुखणं हा चमत्कार नाही, तोच रोग आहे."

"सिस्टर, हात जाईल का गं?" पोकुआने विचारलं.

"आजपासून गोळ्या घेतल्या तर वाचेल. कोपर सरळ होईल, असं मात्र सांगत नाही."

पोकुआ पास्टरकडे वळली. "माझ्या लेकीचा हात सडत होता, आणि तू माझ्याकडून आमेन म्हणवून घेत होतास! लाज नाही वाटत?"

हात वाचला. कोपर वाकडंच राहिलं. सेरवा आता डाव्या हाताने जेवते, डाव्याच हाताने लोकांना वस्तू देते. डाव्या हाताने दिलेलं त्या गावात कुणाला चालत नाही. कुणी नाक मुरडलं की पोकुआ ठणकावते, "घ्या गुमान! तिचा उजवा माझ्या मूर्खपणात गेला. तेलाच्या आधी काय होतं, एवढंच मी स्वतःला विचारायला हवं होतं. तुम्ही तरी विचारा."