म्हशीचा चारा

आकारामच्या तळपायाची जखम काही केल्या भरत नव्हती. अंगानं गडी भरल्या पोत्यासारखा, त्यात साखर, त्यात रक्तदाब. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तोंडावरच सांगितलं, "मटण-भात आवरा. निम्मं ताट भाजीचं पाहिजे, नाहीतर एक दिवस पाय काढावा लागेल."

आकारामनं तोंड वाकडं केलं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोच्या, तानाबाईच्या काळजाला मात्र गार वाटलं.

तिला आपली आई, बाळाबाई, आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला ती राधानगरीकडनं आली ती तांदळी आणि चिगळीच्या रानभाजीचं गाठोडं घेऊन. दुसरं आणण्यासारखं तिच्या घरात काही नव्हतं. भर पंगतीत आकारामनं ते गाठोडं सोडलं, दावणीत भिरकावलं आणि ओरडला, "बघा पावणं, सासूबाईनं म्हशीला चारा आणलाय!" पंगत खो खो हसली. बाळाबाई न जेवताच उठली. मरेपर्यंत पुन्हा ती या उंबऱ्याला शिवली नाही.

यंदाची जत्रा आली. अंगणात पंगत बसली, तांबड्या रश्श्याचा वास गल्लीभर सुटला. पहिलं ताट घरधन्याचं, हा रिवाज तानाबाईनं मोडला नाही. ताटात तांदळीचा ढीग, डाळ घालून केलेली चिगळ आणि चतकोर भाकरी.

"हे काय गं?"

"बघा पावणं," तानाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या धन्याला चारा वाढलाय!"

त्याचा जुना दोस्त गणपतराव, त्यालाच आधी हसू फुटलं. "आकाराम, हंबर की रं जरा!" सगळी पंगत पोट धरून हसायला लागली.

आकारामनं ताट उचललं.

"फेका की," ती हळूच म्हणाली. "दावण तिकडंच हाय. पर पाय तुमचा जाणार, माझा न्हाय."

त्यानं पायाच्या पट्टीकडं बघितलं. ताट खाली ठेवलं आणि मान खाली घालून घास घेतला.

"सावकाश खावा. इतक्यात मरायचं न्हाय तुम्ही. म्हातारं व्हईपतोर रोज हेच वाढणार हाय मी."

मग तिनं स्वतःला मटण वाढून घेतलं आणि बाप्यांच्या पंगतीत, त्याच्या बरोब्बर समोर फतकल मारली.

"कशी झालीया?"

"बरी हाय."

"कुणाची भाजी?"

आकाराम ताटात बघत पुटपुटला, "सासूबाईंची."

तानाबाईनं नळी ताटावर आपटली, मगज चोखला आणि बोटं चाटत म्हणाली, "मोठ्यानं सांगा की. पावण्यांस्नी ऐकू गेलं न्हाय."