दोन हिरवे कप

"वीट हाताला गार लागेपर्यंत भट्टीचं तोंड उघडायचं नाही. काही झालं तरी नाही." यजमान हे सांगायचे तेव्हा हसत नसत. ते जाऊन पाच वर्षं झाली. चिंचवडला, पवनेकडच्या आमच्या परसात चिनी मातीची भट्टी आता मी एकटीच लावते.

मी कप करते, पण त्यात पीत नाही. आमच्या सोवळ्यात चिनी मातीची लोणच्याची बरणी चालते, कप चालत नाही. का, ते मी सासूबाईंना कधी विचारलं नाही. एकदा यजमानांनी नव्या हिरव्या झिलईच्या कपात चहा ओतून माझ्यापुढे धरला होता. मी हात मागे घेतला. तो चहा त्यांनीच प्यायला आणि चाकावर जाऊन बसले. पुन्हा कधी विचारलं नाही.

पलीकडच्या आळीतली नजमुन्निसा तेवढी दुपारी येऊन बसायची. तिचा नवरा इनायत ट्रक दुरुस्त करी. सत्तावन्नच्या फाल्गुनात त्याला चाकणला गॅरेजसाठी जागा मिळाली.

"शुक्रवारी निघतो, वहिनी. जाताना दोन हिरवे कप द्या."

"एक तुला, एक इनायतना?"

"त्यांना कशाला? ते बशीत ओतून फुर्रफुर्र करतात, गल्लीला ऐकू जातं. एक माझा, एक तुमचा. तुम्ही याल तेव्हाचा."

"येईन गं. पण कपातून..."

"मग चहा काय ओंजळीत ओतू?"

मंगळवारी भट्टी लावली. गुरुवारी दुपारी वीट अजून कोमट होती. जप पुरा केला, पुन्हा हात लावून पाहिला. उद्या ती जाणार, एवढंच डोक्यात. मी दोन विटा काढल्या. वारा आत शिरला आणि टिण् टिण् असा बारीक आवाज येऊ लागला. दोन्ही कप तळापासून तडकले होते.

संध्याकाळी नजमा ते ओढणीने पुसत राहिली. "राहू द्या, वहिनी. साखर ठेवीन यात."

"दुसरे करून आणीन," मी म्हटलं. "आणि तुझ्याकडे त्यातूनच चहा घेईन."

"देवाला विचारलंत?"

"विचारीन."

ती चाकणला गेल्यावर दुपार सरता सरेना. माती मळताना मी मोठ्याने बोलते आहे, हे एकदा माझं मलाच कळलं. या खेपेला भट्टीपाशी फक्त हात लावायला जात होते. चौथ्या दिवशी वीट गार लागली. कप धड निघाले.

सकाळी पूजेला बसले ती देवाला विचारायचं म्हणून. पण सांगूनच उठले.

कप जुन्या लुगड्यात गुंडाळले. कुठेही जाताना घरचं पाणी घेते तो फिरकीचा तांब्या फळीवरच राहू दिला. दाराला कडी घातली आणि भोसरीची वाट धरली. चाकणची एसटी तिथूनच मिळते.