सिस्टिमला नवं नाव

कंपनीने आपली ऑपरेटिंग सिस्टिम फुकट द्यायचं बंद केलं, तेव्हा धाकटीने तिथल्या नोकरीवर पाणी सोडलं. सिस्टिमचा कोड मात्र अजूनही सगळ्यांना खुला होता. थोरल्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानामागे जुने कॉम्प्युटर मांडून तिने त्याच कोडवरून हुबेहूब तशीच सिस्टिम उभी केली आणि फुकट वाटायला काढली. बघता बघता शाळा-दवाखान्यांत ती चालू लागली.

मग कंपनीचे वकील दारात उभे राहिले. कापडाचे तुकडे बाजूला सारून ते स्टुलावर बसले.

"कोड घ्या, हरकत नाही. पण तुमचं नाव आमच्या नावाशी जुळतं. आणि मदतीच्या पानावर चक्क आमचं चिन्ह आहे."

धाकटीने पान उघडलं. कोपऱ्यात चिन्ह खरंच राहून गेलं होतं. तिचा चेहरा पडला.

"हे चुकलं माझं. चिन्ह काढते, नावही बदलते."

"त्यापेक्षा बंदच करा ना."

"ते जमणार नाही."

"मग निदान आमचा उल्लेख कुठेच नको. कोडमधली नावंसुद्धा पुसा."

"ती नाही पुसणार," धाकटी म्हणाली. "कोड लिहिणाऱ्यांची नावं तशीच ठेवायची, ही तुमच्याच परवान्यातली अट आहे. माझ्याशेजारी बसून ज्यांनी रक्त आटवलं, त्यांची नावं आहेत ती."

"कोर्टात खेचू."

थोरली शिलाई मशीन थांबवून म्हणाली, "खेचा. ती येईल, मीही येईन."

वकील गेल्यावर दोघी नाव शोधत बसल्या. थोरली म्हणाली, "'टाका' ठेव."

"अगं, लोक म्हणतील, कुठे टाका?"

"कॉम्प्युटरवर टाका, म्हणावं."

धाकटी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. तेच नाव ठरलं. पहिल्याच पानावर तिने कंपनीचं नाव घेऊन लिहिलं, की ही सिस्टिम त्यांच्या कोडवरून केली आहे, पण त्यांचा आमच्याशी काही संबंध नाही.

आठवड्याभरात वकिलांचा फोन आला. "तेवढं वाक्य काढा."

"त्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही, पण साहेबांना आवडलेलं नाही."

"मग ते वाक्य राहणारच," म्हणत धाकटीने फोन ठेवला आणि एका दवाखान्याचा अडलेला कॉम्प्युटर पुढे ओढला.