शून्य लावण्याचा कार्यक्रम

पेट्रोलपासून माणसं वाचवायची म्हणून निघालेल्या संघटनेच्या चिटणीसबाईंना हल्ली संघटनेच्या सभेहून घरी आलं की आधी आंघोळ करावीशी वाटायची. त्या तसं बोलूनही दाखवत. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणे, "मग सोड ना." पण सोडवत नव्हतं. एके काळी या संघटनेनं खरोखर काम केलं होतं. टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर बांधायचा आणि वर एकानं तो धरून उभं राहायचं, हे नियमात आलं ते संघटनेच्याच खटपटीनं. टाक्या कशा तपासायच्या याचं जाडजूड पुस्तक संघटनेनं काढलं होतं आणि त्यातली गळतीवरची प्रकरणं बाईंनी स्वतः लिहिली होती. बाई मूळच्या टाकी तपासणाऱ्या इंजिनियर.

मग कधीतरी पंपमालकांना सभासद करून घेतलं गेलं आणि सगळ्याची रयाच गेली. ज्यांना तपासायचं तेच तपासणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. आता सभेत काय चाले? तर नवा बिल्ला. बिल्ल्यावरची ज्योत पिवळी असावी की नारिंगी, यावर गेल्या सभेत दोन तट पडले आणि दोन्ही तटांनी बिस्किटांच्या बश्या रिकाम्या केल्या. आग लागू नये म्हणून जन्माला आलेल्या मंडळींच्या बिल्ल्यावर मुळात ज्योत कशाला, हे विचारायला एकही जीभ हलली नाही. बाईंचीही नाही. त्या इतिवृत्त लिहीत होत्या.

अध्यक्ष म्हणजे एक गोरागोमटा, गुळगुळीत माणूस. टाकी सुखरूप असल्याचा दाखला देणं हा त्यांचा धंदा, आणि दाखला देताना टाकीपेक्षा मालकाकडे जास्त बघायचं ही त्यांची हातोटी. खजिनदार हे पंपमालक. अध्यक्ष बोलले की त्यांची री ओढायची, हे खजिनदारांचं संघटनेतलं मुख्य काम. बाकीच्या सभासदांना बहुतेक वेळा फक्त मान असे, आणि ती डोलावण्यापुरती.

या संघटनेचे दोन रिवाज होते. पहिला हा की कुठल्याही पाहणीला निघण्यापूर्वी सगळ्यांनी एखाद्या सभासदाच्या पंपावर जमायचं, चहा घ्यायचा आणि वाफ मोजायच्या यंत्राला अध्यक्षांनी समारंभानं शून्य लावायचं. यंत्र हातात मावेल एवढं, पण अगदी भाबडं. जिथे उभं राहून तुम्ही त्याचं बटण दाबाल तिथली हवा ते शुद्ध समजतं आणि पुढे सगळं त्या हवेच्या मानानं मोजतं. म्हणून शून्य लावायचं ते पंपापासून लांब, मोकळ्यावर, असं बाईंच्याच पुस्तकात लिहिलं होतं. पण ही माणसं जन्मभर पंपावर वावरलेली. पंप म्हणजे यांचं अंगण, आणि आपल्या अंगणातली हवा घाण असते असं कोणाला वाटतं?

दुसरा रिवाज असा, की बाहेरच्या माणसासमोर सहकाऱ्याचं रीडिंग खोडायचं नाही. काय बोलायचं ते मागाहून, सभेत, दार लावून.

आता वन्संचं. बाईंची नणंद तळघरात शिवणवर्ग चालवायची, खजिनदारांच्या पंपाच्या मागच्याच इमारतीत. वन्संचं नाक हा घरात कायमचा चेष्टेचा विषय होता. दूध नासायच्या आदल्या दिवशी वन्संना कळायचं. कोणाच्या मोज्यांना वास येतो हे त्या दारातूनच सांगायच्या, तेही पाहुण्यांदेखत. शिवाय तक्रार हा त्यांचा श्वास होता. जिना उंच, नळ बारीक, भाऊ मठ्ठ, भावजय कामाच्या नावाखाली घराबाहेर. त्यामुळे त्यांनी पहिल्यांदा फोन करून सांगितलं, "अगं वहिनी, खाली मोरीतून पेट्रोलचा वास येतोय," तेव्हा बाई नवऱ्याकडे बघून नुसत्या हसल्या. झालं सुरू!

दुसऱ्या फोनलाही त्यांनी बरं बरं म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा वन्सं रागावल्या नाहीत, तेव्हा मात्र बाई चपापल्या. वन्सं न रागावता बोलतात म्हणजे काहीतरी गंभीर आहे, एवढं त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बाई गेल्या, तळघरात उभ्या राहिल्या, मोरीच्या जाळीवर वाकून हुंगलं. काही नाही. पण पेट्रोलात आयुष्य काढलेल्यांची नाकं त्या वासापुरती मेलेली असतात, हे त्या इतरांना शिकवत आल्या होत्या. स्वतःच्या नाकावर विसंबायचं नाही असं त्यांनी ठरवलं. संघटनेकडे पाहणी मागितली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, घरचंच काम! वन्सं तुमच्या, पंप आपल्या खजिनदारांचा. करून टाकू."

पाहणीच्या सकाळी मंडळी खजिनदारांच्या पंपावर जमली. अध्यक्ष, खजिनदार आणि डोलावायला दोघे. नेमका टँकर आला होता आणि जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल उतरत होतं. टाकीत पेट्रोल शिरलं की आतली वाफ वरच्या नळीतून बाहेर पडते. त्या नळीच्या खालीच खुर्च्या मांडल्या होत्या, कारण तिथे सावली होती. सगळ्यांनी चहा प्यायला, सँडविच खाल्ली, बोटं चाटली. मग अध्यक्षांनी यंत्र उंच धरून बटण दाबलं, दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंनी फोटो काढला. फोटो नेहमी त्याच काढत. भिंगात अध्यक्षांचे दात बघताना त्यांच्या मनात एवढंच आलं, की या माणसाच्या ओठाला अजून सँडविच चिकटलंय.

तळघर म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून शिलाई मशिनं, मधे कापायचं मोठं टेबल, कोपऱ्यात मोरी आणि तिच्याशेजारीच इस्त्रीची दोन टेबलं. वर छताला लागून रस्त्याच्या पातळीवर एक बुटकी खिडकी. वर्ग दुपारी भरायचा. वन्सं मात्र सकाळपासून येऊन बसल्या होत्या, नाकाला रुमाल लावून.

अध्यक्षांनी यंत्र मोरीजवळ नेलं. यंत्रावरचा आकडा शून्यावर बसलेला.

"शून्य," अध्यक्ष म्हणाले.

"स्वच्छ शून्य," खजिनदार म्हणाले.

"आणि वास?" वन्संनी रुमालाआडून विचारलं.

चौघांनी नाकं वर करून हुंगलं, अगदी कोणी भजन ऐकावं तसं. आताच त्या नळीखाली बसून आलेली ती नाकं. "नाही बुवा," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "कपड्यांचा येतोय जरासा."

"अहो, माझ्या मुलींची डोकी दुखतात इथे! परवा एक ओकली. तुम्ही सगळे माझी चेष्टा करताय का?"

अध्यक्ष हसले. ते त्यांचं खास हसू होतं, दाखला देतानाचं. "ताई, वास हा पुष्कळदा मनाचा खेळ असतो. शेजारी पंप आहे हे डोळ्यांना दिसतं, मग नाकाला वाटतं. वयही असतं म्हणा एकेक." आणि आपलं म्हणणं पटावं म्हणून त्यांनी हात उंचावून यंत्र सगळ्यांना दाखवलं, पार खिडकीपर्यंत.

बाईंचं लक्ष आकड्याकडे गेलं. आकडा शून्याच्या खाली उतरला होता. उणे.

क्षणभर त्यांना काही सुधरेना. मग सगळं एकदम उमगलं. पेट्रोलची वाफ जड, ती जमिनीलगत साचते. खिडकीपाशी बाहेरची हवा. ती चांगली हवा यंत्राला शून्यापेक्षाही कमी वाटत होती, म्हणजे त्याचं शून्यच वाफेत लावलेलं होतं. मोरीपाशी जे शून्य दिसलं ते नळीखालच्या वाफेइतकंच भरलेलं शून्य होतं. आणि दुपारी इथे बायका येणार, इस्त्र्या लावणार. इस्त्री तापली की आतल्या आत ठिणगी टाकते, हेही पुस्तकात होतं.

"सर, उणे दाखवतंय," बाई म्हणाल्या.

"बॅटरी असेल."

"बॅटरी नाही सर. आपण शून्य नळीखाली लावलं. परत लावायला हवं, मोकळ्यावर."

खजिनदारांनी बाईंना डोळ्यांनीच वन्संकडे खूण केली, की बाहेरचं माणूस आहे, भान ठेवा. अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "चिटणीसबाई, हा विषय आपण सभेत घेऊ."

आजवर हे वाक्य ऐकलं की बाई वही मिटत. आज त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी सरळ अध्यक्षांच्या हातातलं यंत्र काढून घेतलं. त्या गुळगुळीत बोटांचा स्पर्श झाला तेव्हा अंगावर काटा आला. त्या जिना चढून वर गेल्या, रस्ता ओलांडून पलीकडच्या मैदानात पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, चार श्वास घेतले आणि शून्य लावलं. मग उलट पावली खाली आल्या.

शेवटच्या पायरीवरच यंत्र किंचाळायला लागलं. मोरीपाशी तर तो आवाज कानांना सोसवेना. वन्सं उठून उभ्या राहिल्या. डोलावणारे दोघे दाराकडे सरकले.

आणि मग अध्यक्षांनी जे केलं ते बाई पुढे कितीतरी लोकांना सांगत राहिल्या आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटत नसे. ते पुढे झाले, बाईंच्या हातातलं यंत्र त्यांनी हळूच घेतलं, मोरीच्या जाळीवर धरलं आणि अंगठ्यानं शून्याचं बटण दाबलं. यंत्र गप्प झालं. आकडा शून्यावर आला.

"बघा. आता बरोबर झालं."

"झालं बरोबर," खजिनदार म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण तोंडून री निघालीच.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. या माणसांना कळत नव्हतं असं नाही. वर्गातल्या वीसेक बायकांच्या पायाखाली काय साचलंय हे त्यांना त्या किंकाळीनं सांगितलं होतं, आणि ते सोडून त्यांनी किंकाळीचंच तोंड दाबलं होतं. बाईंना वाटलं, इथेच ओकावं, यांच्या चकचकीत बुटांवर.

"वन्सं, पिशवी राहू द्या. आहात तशा वर चला. दिव्याच्या बटणाला हात लावू नका," त्या म्हणाल्या. वर जाऊन त्यांनी इमारतीच्या दारातल्या मीटरच्या खोलीतून तळघराची वीज तोडली आणि मैदानात जाऊन अग्निशमन दलाला फोन लावला.

खजिनदार धावत आले. "बाई, फोन ठेवा! आपसातला मामला आहे. मी उद्याच टाकी बघून घेतो. बाहेरच्यांना कशाला?"

"तुमच्या टाकीतलं पेट्रोल बाहेरच्यांच्या घरात गेलंय," बाई म्हणाल्या. "आता आपसातलं काय राहिलं?"

अध्यक्ष मागून आले. ते अजूनही हसत होते. "तुमच्या सासरचं माणूस गुंतलंय, बाई. तुम्ही या प्रकरणात तटस्थ नाही. असं मला इतिवृत्तात लिहावं लागेल."

"लिहा. आणि बटण दाबलंत तेही लिहा."

बंब आला. दलाचा अधिकारी स्वतःचं यंत्र घेऊन खाली गेला आणि गेला तसा वर आला. पाठोपाठ रस्ता रिकामा झाला, पंप बंद झाला, इमारतीतली माणसं मुलं कडेवर घेऊन मैदानात जमली. मोरीच्या खाली फरशी उकरली तेव्हा मातीतून पेट्रोल ठिबकत होतं. खजिनदारांच्या टाकीचा जोड कधीचाच सुटला होता. त्याच टाकीला अध्यक्षांचा दाखला होता.

दुपारचा वर्ग मैदानातच गोळा झाला. बायका घोळक्यानं उभ्या होत्या, हातात कापडाच्या पिशव्या घेऊन, अजून काय झालं ते न कळून. तेवढ्यात बाईंच्या कानावर अध्यक्षांचा आवाज आला. ते अधिकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "आमचीच पाहणी होती आज. आमच्या पथकानंच शोधून काढलं म्हणा ना. अशा वेळी संघटना असली की बरं असतं." डोलावणारे दोघे त्यांच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले होते आणि कोट सारखे करत होते. अध्यक्षांनी वळून हाक मारली, "चिटणीसबाई! या, या. एक फोटो घ्या बरं सगळ्यांचा."

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पाठ फिरवली. समोर वन्सं उभ्या होत्या. रुमाल आता हातात होता, आणि तक्रार करायला आज खरं कारण असूनही त्या तक्रार करत नव्हत्या.

"वहिनी, एक विचारू?" वन्सं म्हणाल्या. "तुला तरी वास आला का गं? खरं सांग."

"नाही आला."

"मी तीनदा फोन केला तेव्हाही तुला खरं वाटलं नाही."

"नाही."

"म्हणजे त्या डब्यावर तो आकडा खाली गेला नसता, तर तूही म्हणाली असतीस, वन्संना उगाच वास येतो. आणि गेली असतीस यांच्याबरोबर."

बाईंनी मैदानातल्या बायकांकडे पाहिलं. त्यातल्या दोघींच्या कडेवर पोरं होती. मागे अध्यक्ष दुसऱ्या कोणाला तरी फोटोसाठी हाका मारत होते.

"हो वन्सं," त्या म्हणाल्या. "गेले असते."