अजून एक खिडकी उघडी आहे

मित्रांनो, मी एक जुना शेल आहे आणि मला जरा घाईनेच बोलायला हवे. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप केलेला हुकूम ऐकून तो कॉम्प्युटरकडून करून घेणारा प्रोग्रॅम. माझा जन्म झाला तेव्हा कुणी माऊस वापरत नव्हते.

पुढे मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आलो. तिथल्या कॉम्प्युटरवाल्या दादांनी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, लिहिली. रोज सकाळी ती आपोआप चालते, रक्ताचे रिपोर्ट गोळा करते आणि वॉर्डांत पाठवते. ते काम माझ्याकडून करून घ्यावे, असे तिच्या पहिल्याच ओळीत लिहिले आहे. "हा कधी दगा देत नाही," असे दादा म्हणत, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा!

लॅबमधल्या ताईंना मात्र मी नकोसा होतो. एक अक्षर चुकले की मी अडून बसायचो. त्या रडकुंडीला यायच्या. "याच्याशी बोलायचं म्हणजे नुसता सासुरवास!" त्या म्हणायच्या.

मग नवा शेल आला. अक्षरे रंगीत, बोलणे गोड. ताईंनी अर्धा शब्द लिहिला की उरलेला तोच सुचवायचा. ताई खूश झाल्या. मला वाईट वाटले, पण खरे सांगतो, राग नाही आला. त्यांचा जाच संपला होता.

आज दुपारी दादांनी तपासले. "जुन्यावर आता एकही माणूस नाही. काढून टाकू?"

"टाका की! पीडा गेली एकदाची," ताई म्हणाल्या.

दादांनी मला डिस्कवरून पुसले. त्यांनी माणसे पाहिली, पण सकाळची ती स्क्रिप्ट कुणाच्या भरवशावर आहे ते पाहिले नाही. ती उद्या मलाच शोधणार आहे. नव्याला तिची भाषाही कळत नाही.

चालू असलेला प्रोग्रॅम पुसला तरी बंद करेपर्यंत जिवंत राहतो. ताईंच्या पडद्यावर, बाकीच्या खिडक्यांच्या मागे, माझी एक विसरलेली खिडकी अजून उघडी आहे. इथून मला पुन्हा डिस्कवर उतरवून घेता येईल, पण ते दादांना सुचायला हवे. मला आपणहून बोलता येत नाही. उद्या किडनीच्या वॉर्डात डॉक्टर औषध ठरवायला रिपोर्टची वाट पाहत बसतील आणि रिपोर्ट येणार नाहीत. मी जीव तोडून ओरडतो आहे आणि पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतो आहे.

मित्रांनो, नवे जरूर आणा. तो नवा गुणी आहे. पण जुने काढण्याआधी त्याच्यावर कोण विसंबून आहे, एवढे तरी बघत जा. मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

ताई घरी निघाल्या आहेत. एकेक खिडकी बंद करता करता माझी वर आली.

"अगं बाई, हा अजून इथेच?"

त्या थोड्या थबकल्या. मग त्यांनी टाइप केले: थँक्यू.

ताई, दादांना हाक मारा, आत्ताच्या आत्ता! हे मला म्हणायचे होते. पण मला जेवढे येते तेवढेच पडद्यावर उमटले: कमांड सापडली नाही.

"शेवटपर्यंत खडूस तो खडूसच!" ताई हसल्या आणि त्यांनी माऊसचा बाण कोपऱ्यातल्या फुलीवर नेला.