त्रेचाळीस इंची टीव्ही

नांदुऱ्याच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये निवृत्तीच्या बोटांचा शब्द मालकाच्या शब्दाइतकाच चालायचा. गाडीतला कापूस तो डोळ्यांनीही पाहायचा, पण डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. एक पुंजका उचलायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा आणि तार किती लांब, किती दमाची ते सांगून मोकळा व्हायचा. पंचवीस वर्षं ग्रेडर म्हणून त्यानं हेच केलं. "डोया फसवते, बोट नाई फसवत," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आणि असा हा माणूस मोर पाहून टीव्ही घेऊन आला.

अर्थात त्याला फार हसण्यात अर्थ नाही, कारण त्यामागं लेक होती. पुष्पांजली एकोणीस वर्षांची, टायपिंगच्या क्लासात सगळ्यांत चपळ हाताची. त्या उन्हाळ्यात ती मैत्रिणीच्या स्कुटीवरून पडली आणि उजव्या मनगटाजवळची नस तुटली. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, बोटं हलायला लागली. पण ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी हलायची. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस जुळली आहे, आता बोटांना काम द्या, मन लागेल असं काम. रबरी चेंडू दाबून दाबून पोरगी विटली. तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या मावसभावानं, राजकुमारनं, आपला जुना व्हिडिओ गेमचा डबा पाठवून दिला. त्यात क्रिकेटचा गेम होता. समोरून चेंडू येतो, आपण अंगठ्यानं बटण दाबायचं, पडद्यावरचा फलंदाज बॅट फिरवतो. पुष्पांजलीच्या चेहऱ्यावर चार महिन्यांनी हसू दिसलं.

अडचण एकच होती. घरातला टीव्ही अठरा वर्षांचा, मागं पोट सुटलेला, आणि या डब्याची वायर घुसवायला त्याच्या पाठीला भोकच नव्हतं.

तो टीव्ही दिला होता वहाबनं. वहाब हा निवृत्तीचा शाळेपासूनचा दोस्त. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. चपटे टीव्ही आले तसं त्याचं काम आटत गेलं, पण रोज सकाळी दुकान उघडून, बाहेर खुर्ची टाकून तो बसायचाच. रीतीप्रमाणं निवृत्तीनं आधी त्याच्याकडं जायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं, लेकीसाठी घ्यायचा तर नवा कोरा, मोठा घ्यावा. वहाबच्या त्या धुळकट दुकानात काय ठेवलंय? दोस्ताबद्दल असं मनात आल्याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो त्या रस्त्यानं गेलाच नाही.

मोठ्या शोरूममध्ये भिंतभर टीव्ही लावलेले. त्रेचाळीस इंचावर मोर पिसारा फुलवून नाचत होता. एकेक पीस मोजून घ्यावं असा लख्ख. निवृत्ती पाहतच राहिला.

"याच्यावर गेम चालते काय?" त्यानं विचारलं.

"काका, सगळं चालते याच्यावर," विकणारा म्हणाला.

झाली चौकशी! तीन जागचा कापूस उपसून ओढल्याशिवाय गाडी आत न घेणारा हा माणूस, ज्या कामासाठी टीव्ही घ्यायचा ते काम त्यावर एकदाही करून न पाहता खोकं बांधायला सांगून बसला. ते दोन हजार सतराचं साल होतं. पाकिटावरचं टपोरं बोंड पाहून बीटीचं बियाणं घेतलेल्यांच्या शेतात गुलाबी अळी शिरली होती; बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सडका कापूस. "पाकिटावरचा फोटो पाहून कोनी बी घेते काय बे?" असं निवृत्ती त्यांना आठवडाभर बोलून दाखवत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

खोकं ऑटोतून निघालं आणि रेल्वे फाटक बंद असल्यामुळं नेमकं स्टेशनच्या रस्त्यानं वळलं. वहाब खुर्चीतून उठला आणि त्यानं खोक्याला सलाम केला. निवृत्तीनं मान दुसरीकडं वळवली.

घरी टीव्ही भिंतीवर चढला आणि शेजारपाजार पाहून गेला. पुष्पांजलीनं खेळायला घेतलं. पहिल्या चेंडूवर दांडी गुल. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर तेच. पहिला आठवडा ती हसली. दुसरा आठवडा दात-ओठ खाऊन सकाळ-दुपार सराव केला. तिसऱ्या आठवड्यात तिनं बोलणंच कमी केलं.

"मी बटन दाबतो तवरक दांडी उडून जाते, बाबा," ती म्हणाली. "हात लेट हाये माहा. नस जुळली म्हंतात, पन हात लेट तो लेटच."

"डाव्या हातानं दाबून पाह्य ना."

"डावा तर पयलेपासूनच ढिला हाये. तोयी लेटच पडते."

तिची आई सिंधू भाजी निवडता निवडता टीव्हीकडं पाहायची. ती एकदा म्हणाली, "पोरीचं बोट बरोबर पडते वो. तो टीव्हीतला मानूसच आळशी हाये." यावर बापलेक दोघंही हसली. आईच्या बोलण्याला घरात जेवढी किंमत असते तेवढीच मिळाली.

टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवार होती. मंगळवारी पुष्पांजलीनं आईला सांगून टाकलं, की ती फॉर्म भरणार नाही. साधा चेंडू वेळेवर टोलवता येत नाही तो हात मिनिटाला चाळीस शब्द काय टाकणार? बुधवारी सकाळी गेमचा डबा राजकुमारला परत पाठवायला ती खोकं शोधत होती. निवृत्ती जेवणाचा डबा घेऊन कामावर निघाला. आपली बोटं पंचवीस वर्षं चालतात आणि लेकीची एकोणिसाव्या वर्षी थांबली, हे त्याला सहन होत नव्हतं.

जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली. मोताळ्याकडच्या भगवानरावांची गाडी होती. नवा ग्रेडर फहीम, हुशार पण घाईचा, त्यानं वरचा पुंजका ओढला आणि हात झटकला. "तार तुटते. अळीनं खाल्लेली कवडी मिसळली हाये. गाडी परत लावा."

भगवानराव सत्तरीचे. ते गाडीच्या कठड्याला धरून म्हणाले, "बापू, अळीनं खाल्लं ते मी घरीच येचून ठेवलं. हे चांगलं हाये. दुसऱ्या हाताले तरी दाखव."

या जिनिंगचा रिवाजच होता तसा. गाडी परत लावायची तर दुसऱ्या ग्रेडरनं तोच कापूस ओढून पाहिल्याशिवाय लावायची नाही. त्या साली इतक्या गाड्या परत जात होत्या, की बाकीच्यांनी कंटाळून रिवाज सोडला होता. निवृत्तीनं सोडला नव्हता. त्यानं कोपरापर्यंत हात घालून गाडीच्या पोटातला कापूस काढला. ओढला. जुळवून पुन्हा ओढला. तार लांब होती आणि तुटत नव्हती.

"वरचा थर उन्हानं कडक वाळला, म्हनून तुटला," तो फहीमला म्हणाला. "गाडी घे आत. अन् ध्यानात ठेव, एका हाताच्या सांगन्यावर कोनाची गाडी परत लावाची नसते. दुसऱ्या हातानं ओढून..."

तो मध्येच थांबला. फहीमला वाटलं, चाचांच्या छातीत दुखतंय की काय. तो पाणी आणायला धावला. निवृत्तीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घणासारखी बसत होती. तीन आठवडे झाले, त्या टीव्हीवर लेकीशिवाय कुणीच बटण दाबलं नव्हतं. तिचं दुखणं, तिचा खेळ, म्हणून घरात सगळे लांबून पाहत राहिले. दुसरा हात लागलाच नव्हता, आणि पोरीची गाडी परत लागली होती.

सुट्टी मागून तो चार वाजताच घरी आला. पुष्पांजली डब्याला सुतळी बांधत होती.

"सोड ते. लाव परत," तो चपला काढता काढता म्हणाला. "मले खेयाचं हाये."

"तुमाले?"

"काऊन? मले बोटं नाईत काय?"

तिनं डबा लावला, बटण दाखवलं. निवृत्ती खाली मांडी घालून बसला. चेंडू आला, त्यानं दाबलं, दांडी उडाली. सहा चेंडूंत सहा वेळा उडाली. सातव्याला त्यानं चेंडूकडं पाहायचंच सोडलं. नुसतं अंगठ्यानं बटण दाबायचं आणि फलंदाज कधी हलतो ते पाहायचं. बटण खाली गेलं. मग, अगदी पापणी लवेल एवढ्या वेळानं, बॅट फिरली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"पुष्पा, इकडं ये. माह्या अंगठ्यावर तुहा हात ठेव. डावा नाई, उजवा."

तिनं ठेवला. हाताखाली बापाचा अंगठा दबलेला तिला कळला, आणि नजर पडद्यावर होती. तिनं दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं.

"दाबल्यावर मांगून हालते," ती हळूच म्हणाली.

"हाव. आता सांग, या हातानं अख्ख्या नांदुऱ्याचा कापूस ओढला. हा बी लेट झाला काय?"

पुष्पांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते त्याच उजव्या हातानं पुसलं. आतून सिंधूचा आवाज आला, "मी काय म्हनलं होतं?" या वेळी कुणी हसलं नाही.

आता वहाबकडं जाण्यावाचून इलाज नव्हता. निवृत्ती गेला, खुर्चीपुढं उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "चुकलो, वहाब. आदी तुह्याकडं याले पायजे होतं."

वहाबनं त्याच्याकडं पाहिलं, मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. "पोरगी गेम खेयते हे आयकलं होतं, अन् खोक्यावरचं मॉडेल पाह्यलं होतं. तीन हप्ते झाले पुसून ठेवला हाये. चाल."

"तुले माहीत होतं? मंग सांगितलं काऊन नाई बे?"

"तुहा ऑटो थांबला काय? सलाम केला तर मुंडी फिरवली." तो खरोखरच दुखावला होता, आणि ते त्यानं लपवलं नाही. मग स्कुटीला किक मारत म्हणाला, "बस मांगं. पोरीसाठी येऊन राह्यलो, तुह्यासाठी नाई."

घरी येऊन त्यानं रिमोट हातात घेतला आणि टीव्हीच्या पोटातल्या सेटिंगच्या सगळ्या याद्या उघडून पाहिल्या. "हे पाह्य बेटा," तो पुष्पांजलीला म्हणाला, "हा टीव्ही येक नंबर देखना हाये. काऊन देखना हाये? चित्र आलं का हा पयले त्याले सजवते. रंग चढवते, सुरकुत्या काढते, मंग दाखवते. नवरीले सजवता सजवता मुहूर्त टळून जाते ना, तसं. मोर पाह्याले चालते. गेमले नाई चालत. गेमसाठी टीव्ही घेतानी इंच नाई पाह्याचे, बटन दाबून पाह्याचं."

त्यानं एक खूण बंद केली, दुसरी चालू केली. "हे गेमचं सेटिंग. सजावट कमी झाली."

निवृत्तीनं अंगठ्यानं तपासलं. "अर्दा उशीर गेला. अर्दा हाये अजून."

"या मॉडेलमंदी यवढंच. म्हनून हे आनलं." वहाबनं फडकं सोडलं. आत बावीस इंची, एका कॉम्प्युटरवाल्याकडून आलेला जुना पडदा होता. कडेला ओरखडे, चेहरा अगदी साधा. भिंतीवरच्या धेंडाखाली स्टुलावर ठेवला तर थोरल्या भावाजवळ धाकटा बसल्यासारखा दिसला. वायर लागली. निवृत्तीनं बटण दाबलं. दाबलं तेव्हाच बॅट फिरली.

त्यानं रिमोट, फडकं, सगळं बाजूला केलं आणि बटणांचा तो ठोकळा लेकीच्या हातात दिला. टीव्हीचा उशीर निघाला, पण पोरीच्या हातातही असला तर? दोष द्यायला आता मध्ये टीव्हीही उरला नव्हता.

पहिला चेंडू आला. पुष्पांजलीनं बटण दाबलं आणि चेंडू बॅटवर बसून सीमेपार गेला. वहाब टाळी वाजवायला गेला, पण निवृत्तीनं त्याचा हात धरला. दुसऱ्या चेंडूवर दांडी उडाली. तिसऱ्यावरही उडाली. चौथा लागला. पाचवा हुकला, सहावा नुसता कडेला लागून गेला.

सिंधू चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती.

पुष्पांजलीनं ठोकळा मांडीवर ठेवला आणि आपला उजवा पंजा उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिला. मग ती हसली. उन्हाळ्याआधी हसायची तशी.

"थोडा लेट हाये, बाबा," ती म्हणाली. "पन हा उशीर माहा हाये. माहा हाये तर मी त्याले कमी करीन."

निवृत्तीनं मान हलवली.

"अन् यवढं मोठं धूड भितीवर टांगलं त्याचं काय कराचं?" सिंधूनं चहा देता देता विचारलं.

"त्याच्यावर तुमी मालिका पाहा, भाभी," वहाब म्हणाला. "तिथं कोनाले घाई हाये?"

पुष्पांजलीनं चहा बाजूला ठेवला आणि पुन्हा खेळायला घेतलं. दोन-तीन चेंडू झाल्यावर, पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "बाबा, उद्या कामावरून येतानी क्लासातून फॉर्म आनून ठेवजा. भरीन मी. माह्याच हातानं."